स्वेटर जागेवर आहे

वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी मी लाल पेन्सिलीला भ्यायला लागलो. ही पेन्सिल ऑफिसातून मीच आणली आणि माझ्याच हाताने थोरलीच्या हवाली केली, त्यामुळे तक्रार करायलाही तोंड नाही. आपणच आणलेल्या पेन्सिलीला आपणच भ्यावं यात काय नामुष्की आहे ते सांगून कळायचं नाही. तरी सांगतो.

सुरुवात धाकट्यापासून झाली. धाकटा नऊ वर्षांचा. त्याला मी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला सांगितल्या. तो "करतो" म्हणाला. दोन तासांनी जाऊन पाहिलं, तर कपडे तसेच ढिगाने पडलेले आणि त्या ढिगावर डोकं ठेवून चिरंजीव गोष्टीचं पुस्तक वाचतायत.

"हे काय?" मी गरजलो.

"बाबा, वाळलेलेच आहेत ना? पडून राहिले म्हणून काय परत ओले होणार आहेत?"

हा युक्तिवाद मला कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला. कुठे, ते त्या घटकेला आठवलं नाही. मी हॉलच्या मधोमध उभा राहून जाहीर केलं, "या घरात कामाची शिस्त राहिलेली नाही!"

बायको इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, "राहिलेली नाही म्हणजे? होती कधी?"

असल्या बोलण्याला उत्तर द्यायचं नसतं, जिन्यात जाऊन उभं राहायचं असतं. जिन्यात शेजारच्या वहिनी भेटल्या आणि मी त्यांच्याजवळ मन मोकळं केलं. ती चूकच झाली. वहिनींना सांगितलेली गोष्ट इमारतीत पसरायला लिफ्टसुद्धा लागत नाही. "भाऊजी, बक्षीस लावा," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे एका कामाला एक चॉकलेट." त्यांच्या मुलाचे तीन दात किडलेत आणि चॉकलेट दाखवल्याखेरीज तो अंथरुणातून उठत नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून मी नुसतीच मान डोलावली.

संध्याकाळी वहिनी आमच्याकडे येऊन बसल्या होत्या, तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक स्वतः खाली आले. हे गृहस्थ नुसते खोकले तरी इमारतीतल्या मुलांच्या हातातली वस्तू खाली पडते. वहिनींच्या आणि स्वतःच्या खुर्चीमधलं अंतर नजरेने मोजून ते बसले आणि म्हणाले, "चॉकलेट वगैरे सगळं झूट. हजेरी! माणूस कामाला भीत नाही, हजेरीला भितो. घरात मस्टर ठेवा. आणि नियम सर्वांना सारखा हवा. पहिलं नाव स्वतःचं घाला."

पहिलं नाव स्वतःचं, हे ऐकून मी हुरळलो. मस्टरमध्ये माझं नाव पहिलं असण्याचा योग बावीस वर्षांच्या नोकरीत आलेला नव्हता. दुसऱ्याच दिवशी ऑफिसच्या कपाटातून एक कोरं मस्टर आणि दोन्हीकडून टोक असलेली लाल-निळी पेन्सिल आणली. पहिल्या पानावर नियम लिहिले. सकाळी साडेसहाला उठून प्रत्येकाने शाळा-ऑफिसच्या आधी घरातलं एक काम पुरं करायचं. वेळेवर आला तर निळी खूण, उशिरा आला तर लाल. तीन लाल खुणा झाल्या की मेमो. थोरलीकडे पाणी भरणं, धाकट्याकडे घड्या आणि चपलांचं कपाट, माझ्याकडे गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी. बायकोला विचारलं, तर म्हणाली, "मी रोज अठरा कामं करते, त्यातलं कुठलं लिहिताय?" मग तिचं नाव आदरपूर्वक वगळलं.

मस्टर अर्थातच मी ठेवणार होतो. पण पहिल्याच दिवशी मला जाग आली ती सात वाजता. बाहेर येऊन पाहतो तर थोरली वेणी घालून टेबलाशी बसलेली, पाणी भरून झालेलं, मस्टर उघडलेलं, आणि माझ्या नावापुढे एक लाल गोल. थोरली बारा वर्षांची आहे. हे पोर जे करतं ते मनापासून करतं, हे बाप म्हणून मला आधीच लक्षात यायला हवं होतं.

त्या दिवसापासून मस्टर तिच्याकडे गेलं आणि माझी झोप उडाली, म्हणजे उडायला हवी तेव्हा सोडून बाकी सगळ्या वेळी उडाली. पेन्सिलीला टोक काढल्याचा आवाज आला की मी आधी घड्याळाकडे बघायचो. एकदा मी सहा एकोणतीसला उठून गॅलरीतल्या खुर्चीवर टॉवेल टाकला आणि जरा पाठ टेकायला आत गेलो. परत येऊन पाहिलं तर शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेलं: 'टॉवेल हजर. बाबा गैरहजर.' तिसऱ्या लाल खुणेला मेमो हातात पडला. 'आपला खुलासा आजच्या आज सादर करावा.' मी सादर केला. तिने तो परत केला, कारण वर तारीख नव्हती. पुढच्या आठवड्यात आणखी दोन लाल खुणा जमा झाल्या आणि जिन्यात मुख्याध्यापकांनी मला थांबवून विचारलं, "काय, आज वेळेवर ना?" सगळ्यांसमोर. मी टाय लावला होता.

माणसाची एका ठिकाणी अब्रू गेली की तो दुसऱ्या ठिकाणची काढून दाखवतो. त्या संध्याकाळी मी थोरलीला म्हणालो, "घरातलं सोड. ऑफिसात बावीस वर्षांत मला एकही लेट मार्क नाही."

"एकही?"

"एकही."

हे अक्षरशः खरं होतं. आता हे कसं खरं होतं, ते सांगायला हवं.

आमचा नकला विभाग. लोकांना जुन्या कागदांच्या नकला लागतात, घराचे नकाशे, दाखले, काहीबाही. यंत्रावर नकल निघते, ती मूळ कागदाशी ताडून पाहायची आणि सही-शिक्का करायचा, हे माझं काम. माझ्या खुर्चीच्या पाठीवर एक तपकिरी स्वेटर असतो. तो बायकोने विणलेला आहे. दोन वर्षांपूर्वी तो ऑफिसला गेला तो घरी आलाच नाही. घरी मी 'बसमध्ये राहिला' असं सांगितलं होतं, त्यावर ती चार दिवस बोलली नव्हती. पण स्वेटर ऑफिसच्या कामी आला होता. खिडकीवर कुणी मला विचारलं की आवक-जावकच्या बाई त्याच्याकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "आत्ताच उठलेत. स्वेटर आहे ना जागेवर." बाईंची एक जुनी पर्स अशीच त्यांच्या टेबलावर मुक्कामाला असते, तिच्याकडे मी बोट दाखवतो. आणि सकाळी जो कोणी पहिला येईल तो सगळ्यांच्या सह्या करतो. याला कुणी फसवणूक म्हणेल. आम्ही सहकार्य म्हणतो.

आठ दिवसांनी थोरलीने निबंधाची वही दाखवली. 'माझे बाबा बावीस वर्षांत एकदाही ऑफिसला उशिरा गेलेले नाहीत. घरी त्यांना लाल खुणा मिळतात, कारण ऑफिसात काम करून ते फार दमतात.' खाली शाळेच्या बाईंनी 'छान' लिहिलं होतं. मला गहिवरून यायला हवं होतं. मला घाम आला, कारण खाली आणखी एक ओळ होती: 'पालकांच्या कामाच्या ठिकाणी एक दिवस घालवून अहवाल लिहिणे.'

"मी तुमच्या ऑफिसात येणार," थोरली म्हणाली. "शुक्रवारी."

मी घाबरलो, पण लगेच सावरलो, कारण माझा आमच्या ऑफिसवर पूर्ण विश्वास होता. तिला सांगितलं की बाहेरच्या माणसाला आत यायला परवानगी लागते. अर्ज तीन प्रतींत, फोटो, शाळेचं पत्र, विभागाचा 'हरकत नाही' असा दाखला आणि साहेबांची सही. आमच्याकडे कुठलंही प्रकरण सहा आठवड्यांच्या आत हललेलं माझ्या पाहण्यात नाही. तोवर शाळेला सुट्टी लागली असती.

सोमवारी सकाळी मी थोरलीने भरलेला अर्ज आवक-जावकच्या टेबलावर ठेवला. त्याच दुपारी आवक-जावकच्या बाई तो मंजूर करून घेऊन आल्या. त्यांचा चेहरा पडला होता. "माफ करा हो," त्या म्हणाल्या. "इतका नीट भरलेला अर्ज मी नोकरीत पहिल्यांदा पाहिला. अडवायला जागाच नाही." साहेबांनी तर समासात 'अनुकरणीय' असा शेरा मारला होता. मग बाईंनी इकडेतिकडे पाहून हळूच विचारलं, "तुम्ही सांगता ती लाल पेन्सिल मुलगी आणणार आहे का?"

शुक्रवारी दहाला दहा कमी असताना आम्ही बापलेक ऑफिसच्या दाराशी उभे होतो. दाराला कुलूप होतं. या दाराला कुलूप असतं हे मला बावीस वर्षांत माहीत नव्हतं, कारण मी येतो तेव्हा ते उघडं असतं.

"बाबा, अजून कुणीच नाही?"

"आज शिपायाला जरा उशीर झालेला दिसतो," मी म्हणालो. तिने वहीत वेळ टिपली.

शिपाई दहा वीसला आला. मला दारात पाहून त्याच्या हातातली किल्ली खाली पडली. "साहेब!" तो कुजबुजला. "घरी सगळं ठीक आहे ना?"

आत गेल्याबरोबर थोरली ओरडली, "बाबा, आईने विणलेला स्वेटर!" मी "अरे, सापडला वाटतं" असं काहीतरी पुटपुटलो. तिने तो उचलला. खांद्यावर बोटभर धूळ होती, आणि लोकरीला खुर्चीच्या दोन कोपऱ्यांचा आकार आला होता. तिने धूळ झटकली आणि स्वेटर नीट होता तसा ठेवला. तेवढ्यात खिडकीवर कुणी गृहस्थ आवक-जावकच्या बाईंना विचारत आले आणि शिपाई सवयीने म्हणाला, "आत्ताच उठल्यात. पर्स आहे ना जागेवर."

"पण त्या तर अजून आल्याच नाहीत," थोरली माझ्या कानाशी म्हणाली. मी खोकलो.

मग ती माझ्या टेबलाशी स्टूल घेऊन बसली आणि तिने कागदांच्या ट्रेकडे बोट दाखवलं. "हे काय आहे?"

"तपासायचे कागद."

"कधीचे?"

खरं सांगतो, साहेबांनी हा प्रश्न केला असता तर माझ्याकडे सतरा उत्तरं होती. हिच्यासाठी एकही नव्हतं. "मी जरा रेकॉर्ड बघून येतो," म्हणालो आणि उठून मागच्या कपाटांच्या रांगेआड गेलो. बघायचं काहीच नव्हतं. जुन्या गठ्ठ्यांना पाठ टेकून मी नुसता उभा राहिलो आणि घड्याळात पाहिलं. अकरा वाजत होते. संध्याकाळपर्यंत तिथेच काढता येईल का, याचा मी मनात गंभीरपणे विचार करत होतो.

खिडकीवर काठी टेकल्याचा आवाज आला. "नकलेचे साहेब आहेत का?"

गठ्ठ्यांच्या फटीतून मला दिसत होतं. एक म्हातारे गृहस्थ, हातात प्लॅस्टिकची पिशवी. बाईंची खुर्ची रिकामी, शिपाई चहाला. थोरली एकटीच. तिने कपाटाकडे पाहिलं. कपाटाच्या खाली वीतभर मोकळी जागा असते, तिथून माझे बूट तिला दिसत असणार. तिच्या हातात लाल पेन्सिल होती. आता ही माझं नाव घेऊन हाक मारणार, मला फरफटत उजेडात आणणार, असं वाटून मी गठ्ठ्यांना आणखी चिकटलो.

तिने खुर्चीच्या पाठीवरच्या स्वेटरवर हात ठेवला आणि म्हणाली, "आत्ताच उठलेत. स्वेटर आहे ना जागेवर."

ती अडखळलीही नाही. मुद्दाम बजावून सांगतो, कारण भीती मला त्याचीच वाटली. ज्या पोरीने स्वतःच्या बापाला टॉवेलवरून पकडलं, ती अर्ध्या तासात हे शिकली होती. शिकवणारा मीच होतो, आणि शिकवणी तिने माझ्यासाठीच वापरली होती.

"हो बाळा," आजोबा म्हणाले, "दर खेपेला आत्ताच उठलेले असतात." आवाजात राग नव्हता. "नळाची जोडणी हवीय, त्याला नकाशाची नकल लागते म्हणे. चार महिने बादलीने पाणी चढवतोय, तिसऱ्या मजल्यावर. बरं, येतो पुढच्या मंगळवारी." ते काठी सावरून वळले.

"आजोबा, थांबा," मी म्हणालो. कपाटाआडून बाहेर येताना माझ्या बाहीला जाळं लागलं होतं.

त्यांचा कागद ट्रेमध्ये वरून सातवा होता. नकल कधीच काढून ठेवलेली होती, सहीवाचून पडली होती. पडून राहिली म्हणून ती काय पळून जाणार होती? असं मीच बाईंना दोनदा म्हणालो होतो, आणि धाकट्याचं ते बोलणं कुठे ऐकलं होतं ते मला तेव्हा आठवलं. नकल ताडायला दोन माणसं लागतात. थोरलीने मूळ नकाशा हातात घेतला आणि मापं वाचली, मी नकलेवर बोट फिरवत गेलो. सही केली, शिक्का मारला. तिने घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं.

आजोबांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "एवढंच होतं?"

"एवढंच."

"मला आपलं वाटायचं, तुमची तब्येत बरी नसते," ते म्हणाले. "सांभाळा हो." आणि माझे आभार मानून गेले.

बसमध्ये थोरली खिडकीबाहेर पाहत राहिली. मी तीनदा विषय काढला, तीनदा ती "हं" म्हणाली. तिने मला मेमो द्यावा, खुलासा मागावा, अशी मी मनातल्या मनात विनवणी करत होतो. वही तिने मिटून दप्तरात ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वीसला उठून मी कुंड्यांना पाणी घातलं आणि मस्टरपाशी गेलो. पहिली ओळ कोरी होती. खोडरबराने नीट पुसलेली.

"माझं नाव कुठे गेलं?"

"काढलं," थोरली बाटली भरता भरता म्हणाली.

"का?"

"मोठ्यांना चालतं ना, बाबा."

रागाने म्हणाली असती तर मी निभावलं असतं. ती समजूतदारपणे म्हणाली. त्याच दुपारी धाकट्याच्या अभ्यासाच्या खुर्चीवर त्याचा शाळेचा स्वेटर लटकत होता आणि चिरंजीव खाली चेंडू खेळत होते. बायकोने विचारलं, "हा कुठे गेला गं?" तर आतून थोरलीचा आवाज आला, "आत्ताच उठला." माझ्या हातातून पेला सुटला.

तिचा अहवाल मी चोरून वाचला. आठवडाभर ती काय लिहील या धास्तीने मला अन्न गोड लागत नव्हतं. तिने लिहिलं होतं: 'माझे बाबा नकला तपासतात. ते बारकाईने तपासतात. एका नकलेला अकरा मिनिटं लागतात.' कुलूप नाही, कपाट नाही, आजोबा नाहीत. तिने मला वाचवलं होतं. मुलांना मी कामाची शिस्त लावायला निघालो होतो आणि त्यांना माझ्यावर पांघरूण घालायला शिकवून बसलो होतो. मला इतकी भीती साहेबांची नाही वाटली, डॉक्टरची नाही वाटली.

सोमवारी दहाच्या आत मी कुलपासमोर उभा होतो. शिपायाने या खेपेला सरळ विचारलं, "साहेब, घरातून काढलं का?" ट्रेमध्ये एकेचाळीस कागद होते, ते चार दिवसांत संपले. बाई आधी माझ्याशी बोलेनात, मग मूळ कागद वाचायला येऊन बसायला लागल्या. स्वेटर मी पिशवीत भरला तेव्हा मात्र त्या कळवळल्या. "अहो, आता कुणी विचारलं तर मी काय दाखवू?"

"मला दाखवा," मी म्हणालो.

घरी बायकोने स्वेटर पाहिला, झटकला आणि धुवायला टाकला. "बसवाल्याने आणून दिला वाटतं," एवढंच म्हणाली. त्या 'वाटतं'ला मी अजून भितो.

पण घरात बाकी कुणी दखल घेईना. नऊ दिवस मी साडेसहाच्या आत उठलो, मुद्दाम झारीचा आवाज केला, दोनदा खोकलो. थोरली धाकट्याच्या खुणा करी आणि मस्टर मिटून ठेवी. माझ्या नावाची ओळ कोरीच. वेळेवर उठणाऱ्या माणसाकडे कुणी पाहू नये यासारखी भयाण गोष्ट नाही. आपण घरात आहोत की आपला नुसता टॉवेल आहे, अशी शंका यायला लागते.

दहाव्या दिवशी मला जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर आलं होतं. कुणी काही बोललं नाही. बोलणार कोण, माझं नावच नव्हतं. सरळ अंघोळीला निघून गेलो असतो तरी चाललं असतं. न्हाणीघराच्या दारापर्यंत गेलोही होतो. मग परत फिरलो, मस्टर उघडलं, पहिल्या कोऱ्या ओळीवर स्वतःचं नाव लिहिलं, लाल टोकाने पुढे गोल काढला आणि वेळ टाकली: सात दहा.

थोरली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात पुसत आली. तिने पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पानाकडे पाहिलं. मग तिने हात पुढे केला आणि मी पेन्सिल दिली. तिने माझा आकडा खोडला आणि खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं: सात चौदा.

"जुने दोन धरून हा तिसरा," ती म्हणाली. "मेमो शाळेतून आल्यावर देते."

मी झारी उचलली आणि गॅलरीत गेलो. निम्मं पाणी कुंडीबाहेरच गेलं. छातीत तशीच धडधड सुरू झाली होती, पूर्वीसारखी, आणि ती थांबू नये असं वाटत होतं. मागून आवाज आला.

"आणि बाबा, खुलाशावर तारीख घाला."